छायाचित्रकार राजा दीनदयाळ

छायाचित्रणाची कला युरोपात जाहीर झाल्यानंतर अगदी थोड्या अवधीत भारतात येऊन पोहोचली. इ.स. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर याच्या शोधाची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या बाजारात कॅमेरे विक्रीला आले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान या संस्थेचे सभासद होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय छायाचित्रकार पुढे आले. तरीही पुढील बरीच वर्षे ही कला सुशिक्षित, सधन माणसांच्या हौसेचा विषय राहिली. ज्यांनी तिचा धंदा केला त्यांतही मोठी नावे युरोपियनांची होती. सॅम्युएल बोर्न याने हिमालयातील दृश्ये टिपून नाव मिळवले आणि त्याच्या नावाची बोर्न अँड शेफर्ड ही कंपनी सरकारी मान्यवरांची आवडती झाली. अशा काळात बांधकाम खात्यातील एका हिंदी कर्मचाऱ्याने नोकरी सोडून छायाचित्रण हेच आपल्या उपजीविकेचे साधन केले आणि वीस वर्षांच्या आत देशातील या व्यवसायात अग्रस्थान मिळवले. लाला दीनदयाळ हे त्यांचे नाव. पुढे लोक त्यांना राजा दीनदयाळ म्हणून ओळखू लागले.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. हे कुटुंब जवाहिऱ्यांचे होते. सरधना हे गाव लहान असले तरी इतिहासाला अपरिचित नव्हते. येथे बेगम समरू हिची जहागीर होती आणि १८०३ मध्ये जालन्याजवळ असईच्या लढाईत शिंद्यांच्या बाजूने तिच्या पलटणी उतरल्या होत्या. दीनदयाळ तेरा वर्षांचे असताना जवळच्याच मेरठ छावणीत १८५७ च्या उठावाची ठिणगी पडली. त्यानंतरच्या उत्तर भारतात जुन्या दरबारांचे दिवस संपत आले होते आणि नवे सरकार रस्ते, कालवे, पूल व रेल्वे बांधण्याच्या मागे लागले होते. त्या कामांसाठी शिकलेली माणसे हवी होती. तरुण दीनदयाळ यांनी रुरकी येथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला. मोजणी, नकाशे काढणे, बांधकामाच्या खर्चाचा अंदाज करणे ही तेथील शिक्षणाची मुख्य अंगे होती. इमारतीकडे पाहताना तिची उंची, रुंदी, भिंतींचा तोल आणि सावलीची दिशा नजरेत भरण्याची सवय त्यांना येथेच लागली असावी. ही सवय पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यावर त्यांच्या फार उपयोगी पडली.

१८६६ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर दीनदयाळ यांना इंदूर येथे बांधकाम खात्याच्या कार्यालयात मुख्य अंदाजनीस व नकाशेकार म्हणून नोकरी मिळाली. इंदूर हे होळकरांचे राजधानीचे शहर. गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. शहराला लागूनच ब्रिटिशांची रेसिडेन्सी होती आणि गव्हर्नर जनरलचा मध्य भारतातील प्रतिनिधी तेथे राहून आसपासच्या अनेक संस्थानांवर देखरेख करीत असे. त्यामुळे मराठी दरबाराचे रीतिरिवाज आणि इंग्रजी कचेरीची शिस्त ही दोन्ही जगे इंदुरात एकमेकांच्या शेजारी नांदत होती. दीनदयाळ यांना दोन्हींत वावरावे लागले. सरदारांच्या वाड्यात कसे बोलावे आणि साहेबाच्या बंगल्यावर कसे उभे राहावे, हे शिकायला इंदुराइतके दुसरे चांगले ठिकाण नव्हते. केवळ उत्तम चित्र काढता येऊन त्या काळी छायाचित्रकाराचे भागत नसे. ज्यांचे चित्र काढायचे त्यांच्यापर्यंत पोहोचता यावे लागे.

सुमारे आठ वर्षे नोकरी केल्यानंतर, १८७४ च्या सुमारास, दीनदयाळ यांनी छायाचित्रणास आरंभ केला. तेव्हा ते तिशीत होते. कचेरीचे काम सांभाळून, उरलेल्या वेळात ते ही कला आत्मसात करीत होते आणि ती शिकणे मुळीच सोपे नव्हते.

त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होती. इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. प्रथम काच धुऊन, पुसून निर्मळ करावी लागे. तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतून, काच हातात हळूहळू फिरवत तो सर्वत्र सारखा पसरवायचा. नंतर काळोखात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि प्रकाश लागू न देता कॅमेऱ्यात बसवायची. काच ओली आहे तोपर्यंतच तिच्यावर चित्र उमटे. म्हणून ते टिपून झाल्याबरोबर काळोख्या खोलीत धाव घेऊन ती रसायनाने धुवावी लागे. हा सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. मध्य भारताच्या उन्हाळ्यात कलोडियन पाहता पाहता सुकून जाई, पावसाळ्यात दमटपणा आड येई, आणि धुळीचा एक कण काचेवर बसला तर राजाच्या गालावर डाग पडे. बाहेरगावी जायचे म्हणजे कॅमेरा, तिपाई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि काळोख्या खोलीचे काम देणारा तंबू, एवढे सगळे बैलगाडीवर किंवा हमालांच्या डोक्यावर लादून न्यावे लागे. शिवाय तेव्हा लहान चित्राचे मोठे चित्र करण्याची सोय सहज उपलब्ध नव्हती. छपाईच्या वेळी काच कागदावर ठेवून उन्हात धरली जाई, म्हणून जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर तेवढीच मोठी काच आणि ती मावेल एवढा मोठा कॅमेरा वाहून नेण्यावाचून गत्यंतर नसे.

दीनदयाळ यांच्या हाताला हे कसब लवकरच जमले. तुकोजीराव होळकरांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांना उत्तेजन दिले. महाराजांच्या ओळखीने गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांचेही त्यांच्याकडे लक्ष गेले. इंदूरचे डेली कॉलेज याच डेली यांच्या नावाने ओळखले जाते. महाराज आणि डेली या दोघांच्या प्रोत्साहनाने दीनदयाळ यांनी इंदुरात आपला स्टुडिओ सुरू केला. १८७५-७६ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पुत्र प्रिन्स ऑफ वेल्स भारताच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांची छायाचित्रे काढण्याची संधी दीनदयाळ यांना लाभली. हौसेने सुरू झालेल्या कामाला दोन वर्षांच्या आत राजघराण्यापर्यंत वाट मिळाली. इतके असूनही ते सकाळी कचेरीत हजर होत आणि नकाशे काढीत.

डेली यांच्यानंतर १८८१ मध्ये सर लेपेल ग्रिफिन हे त्या पदावर आले. ग्रिफिन यांना प्राचीन वास्तूंची आवड होती. १८८२-८३ मध्ये ते बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांनी दीनदयाळ यांना बरोबर घेतले. दीनदयाळ यांच्या आयुष्यातील हा पहिला मोठा उद्योग म्हणावा लागेल. ग्वाल्हेरचा किल्ला, ओरछा व दतिया येथील राजवाडे, खजुराहोची मंदिरे आणि सांचीचा स्तूप ही स्थळे आज पर्यटकांच्या परिचयाची आहेत. त्या काळी मात्र त्यांपैकी काही झाडाझुडपांत हरवली होती, काहींची पडझड झाली होती. सांचीची दोन पडलेली तोरणे मेजर कोल यांच्या देखरेखीखाली याच सुमारास पुन्हा उभी करण्यात येत होती. दीनदयाळ यांनी या वास्तू टिपल्या त्या एखाद्या स्थापत्यविशारदाच्या दृष्टीने. त्यांच्या चित्रांतील भिंती उभ्या रेषेत सरळ राहतात, कोरीवकाम सपाट न दिसता उठून दिसेल अशा वेळी ऊन निवडलेले असते आणि एखादा माणूस पायरीवर बसवून वास्तूच्या आकाराचे माप दिलेले असते. नकाशेकाराच्या सवयी येथे चित्रकाराच्या कामी आल्या. ही छायाचित्रे ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात समाविष्ट होऊन १८८६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथाने दीनदयाळ यांचे नाव भारताबाहेरील अभ्यासकांपर्यंत नेले.

या यशाबरोबर एक अवघड प्रश्नही उभा राहिला. सरकारी नोकरी आणि वाढता व्यवसाय ही दोन्ही एकाच माणसाला किती काळ सांभाळता येणार? दीनदयाळ यांचे वय चाळिशीचे झाले होते. त्यांच्यावर कुटुंबाची जबाबदारी होती. बांधकाम खात्यातील नोकरी म्हणजे महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार आणि वृद्धापकाळी निवृत्तिवेतन. त्या काळच्या सुशिक्षित मध्यमवर्गीयाच्या दृष्टीने याहून मोठे भाग्य नव्हते. याउलट छायाचित्रकाराची मिळकत आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून असे. विलायतेहून आलेल्या काचा, रसायने आणि कागद यांची किंमत मात्र आश्रयदात्याकडून रक्कम मिळो न मिळो, चुकवावीच लागे. दीनदयाळ यांनी घाई केली नाही. त्यांनी आधी दीर्घ रजा घेतली आणि त्या अवधीत आपला धंदा स्वतःच्या पायावर उभा राहतो की नाही याची परीक्षा पाहिली. त्या काळात भरपूर काम आले. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी १८८५ मध्ये त्यांना आपले छायाचित्रकार म्हणून नेमले. त्यानंतर, १८८७ च्या सुमारास, दीनदयाळ यांनी नोकरी कायमची सोडली. कलावंतांच्या चरित्रांत पुष्कळदा सर्वस्व उधळून कलेमागे धावल्याच्या गोष्टी वाचायला मिळतात. दीनदयाळ यांची रीत निराळी होती. त्यांनी पूल बांधणाऱ्याप्रमाणे आधी खांब उभे केले, मगच पलीकडे पाऊल टाकले.

एक तांत्रिक बदलही याच वेळी त्यांच्या मदतीला आला. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने सुचवलेली सुक्या काचेची पद्धत १८८० नंतर सर्वत्र रूढ होऊ लागली. आता जिलेटिनचा थर दिलेल्या तयार काचा कारखान्यातून पेट्यांमध्ये येऊ लागल्या. जागच्या जागी काच तयार करण्याची व लगेच धुण्याची धावपळ संपली. चित्र टिपायला लागणारा वेळही बराच कमी झाला. परिणामी चालता घोडा, फिरती गर्दी, कवायत करणारी पलटण यांची चित्रे काढता येऊ लागली. दीनदयाळ यांच्या नंतरच्या कामात मिरवणुका, लष्करी संचलने व शिकारीचे प्रसंग वारंवार दिसतात, त्याचे एक कारण हे आहे. त्याचबरोबर कॅमेरा हाताळणे सोपे झाल्यामुळे हौशी छायाचित्रकारांची संख्याही वाढली. व्यावसायिकाने आपले वेगळेपण दाखवायचे तर त्याला अधिक मोठे, अधिक सुबक आणि अधिक विश्वासार्ह काम करणे आता भाग होते.

इंदुराहून दीनदयाळ दक्षिणेकडे वळले. हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कारभाराची सूत्रे हाती घेतली होती. शेजारच्या सिकंदराबादेत ब्रिटिशांची मोठी छावणी होती. इंदूरप्रमाणेच येथेही दरबार आणि साहेब लोक जवळजवळ राहत होते, पण सारे कितीतरी मोठ्या प्रमाणावर. १८८६ मध्ये दीनदयाळ यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ उघडला. निजामाने त्यांना आपल्या दरबारचे छायाचित्रकार केले आणि राजा बहादुर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. हा शब्द लढवय्याला शोभणाऱ्या जंग या शब्दाशेजारी बसवून कॅमेरा चालवणाऱ्याचा गौरव केला गेला, ही त्या दरबारची खास ऐट म्हणावी लागेल. राणी व्हिक्टोरियाकडूनही दीनदयाळ यांना राजमान्यतेची सनद मिळाली. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला पदक मिळाले. मानसन्मानांची ही यादी आणखी वाढवता येईल. परंतु दीनदयाळ यांचा व्यवसाय ज्यावर उभा राहिला ते त्यांच्या स्टुडिओतील रोजचे काम होते, आणि ते अधिक जाणून घेण्याजोगे आहे.

त्या काळच्या स्टुडिओत विजेचे दिवे नसत. काचेच्या छतातून व खिडक्यांतून येणारा उजेड हाच काय तो आधार. पडदे सरकवून तो कमी-अधिक करावा लागे. मागे रंगवलेला देखावा, पुढे नक्षीदार खुर्ची किंवा टेबल, आणि बसणाऱ्याची मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लपवलेली लोखंडी टेकण, अशी मांडणी असे. काही सेकंद न हलता बसायचे म्हणजे माणसाचा चेहरा ताठ होतो. दीनदयाळ यांच्या चित्रांतील सरदार, त्यांची मुले, लष्करी अधिकारी आणि व्यापारी मात्र आपापल्या ऐटीत, सहजपणे बसलेले दिसतात. चित्र टिपून झाल्यावर काच धुणारे, काचेवर बारीक पेन्सिलीने डाग झाकणारे, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात प्रती छापणारे, त्या पुठ्ठ्यावर चिकटवणारे, रंग भरणारे आणि हिशेब ठेवणारे असे अनेक लोक त्यांच्या हाताखाली काम करीत. प्रत्येक काचेला क्रमांक दिला जाई. एखाद्या गिऱ्हाइकाने काही वर्षांनी आणखी प्रती मागितल्या, तर नेमकी तीच काच शोधून काढणे त्यामुळे शक्य होई. हजारो काचांच्या ढिगातून हवी ती काच मिळणे हे या धंद्यात पैशाइतकेच मोलाचे होते. दीनदयाळ यांचे दोन्ही मुलगे, ग्यानचंद आणि धरमचंद, हेही या कामात तयार झाले व त्यांची कंपनी राजा दीनदयाळ अँड सन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यामुळे या नावाने प्रसिद्ध झालेले प्रत्येक चित्र दीनदयाळ यांनी स्वतःच टिपले असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या देखरेखीखाली अनेक हातांनी मिळून केलेले ते काम आहे.

हैदराबादेत त्यांना एक निराळीच अडचण जाणवली. प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया पडदा पाळीत असत. परपुरुषासमोर बसून चित्र काढून घेणे त्यांना शक्य नव्हते. म्हणजे गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ अर्धे स्टुडिओच्या दारापर्यंतही येऊ शकत नव्हते. १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ सुरू केला. त्याभोवती उंच भिंती उभारल्या आणि आतील सर्व कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपवला. आत जाणाऱ्या स्त्रियांना बाहेरचा कोणीही पाहू शकत नसे. या व्यवस्थेतून काढलेली चित्रे अर्थातच घराबाहेर फारशी गेली नसतील. समाजाची रूढी बदलण्याचा दावा दीनदयाळ यांनी कधी केला नाही. रूढी आहे तशी मान्य करून तिच्या आत एक दार मात्र त्यांनी उघडले, आणि त्या दारातून एका स्त्रीला छायाचित्रणाच्या व्यवसायात जागा मिळाली.

१८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. देशातील सर्वांत मोठ्या स्टुडिओंमध्ये त्याची गणना होत असे. मुंबईत दरबार नव्हता. येथे गिरणीमालक, सावकार, वकील, डॉक्टर आणि बंदरात उतरणारे प्रवासी हे गिऱ्हाईक होते. एका राजाच्या मर्जीऐवजी पुष्कळ माणसांच्या लहानलहान मागण्यांवर येथे धंदा चालवायचा होता. वर्ष मात्र विलक्षण होते. त्याच जुलैत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ मुंबईकरांनी प्रथम पाहिला, आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस शहरात प्लेगची साथ सुरू होऊन लोक गावोगाव पळू लागले. स्थिर चित्रांच्या धंद्यातून चलच्चित्रांकडे जाणारी वाट पुढे मराठी माणसांनीच चोखाळली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे मूळचे छायाचित्रकार. दादासाहेब फाळके यांनीही आधी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात नकाशेकार व छायाचित्रकार म्हणून नोकरीला लागले. ज्या जोडीने दीनदयाळ यांनी आयुष्याला प्रारंभ केला, तीच रेखाटनाची आणि कॅमेऱ्याची जोडी फाळक्यांच्याही हाती होती.

निजामाच्या राज्यात मराठवाडाही होता. दीनदयाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातही कॅमेरा नेला. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला यांची छायाचित्रे त्यांच्या संग्रहात आढळतात. परंतु मराठवाड्याशी त्यांचे आणखी एक नाते आहे आणि ते सुखद नाही. १८९९-१९०० मध्ये देशाच्या मोठ्या भागात भयंकर दुष्काळ पडला. गुजरातेत व राजस्थानात तो छप्पनिया या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, पीक गेले, जनावरे मेली आणि माणसे मदतकेंद्रांवर गोळा झाली. तेथील परिस्थितीची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या कंपनीने काढली व ती व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात गेली. बरगड्या मोजता येतील अशी कृश माणसे, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाया, हाडांचा सापळा झालेली मुले कॅमेऱ्यापुढे रांगेने बसवलेली त्यांत दिसतात.

ही चित्रे पाहताना मन अस्वस्थ होते, आणि व्हावे. दीनदयाळ यांच्यासमोर बसलेल्या राजांनी आपले चित्र कसे हवे ते स्वतः ठरवले होते. पोशाख, दागिने, खुर्ची, चेहऱ्यावरचा भाव हे सारे त्यांच्या इच्छेने होते. दुष्काळग्रस्तांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांची नावेही चित्राखाली नोंदवलेली नाहीत. ही चित्रे सरकारी मदतकार्याचा अहवाल म्हणून काढली गेली, दान मागण्यासाठी किंवा अन्याय दाखवण्यासाठी नव्हे. तरीही आज त्या दुष्काळाविषयी जे काही डोळ्यांनी पाहता येते ते अशा चित्रांमुळेच. ज्या हातांनी निजामाच्या मेजवान्यांचे झुंबर टिपले त्याच हातांनी हेही टिपले. व्यावसायिक छायाचित्रकार आज्ञेवरून काम करतो. कोणते काम स्वीकारावे आणि त्यातील माणसांशी कसे वागावे, हा प्रश्न त्याला त्याच्या आज्ञापत्रात लिहून मिळत नाही. दीनदयाळ यांनी या प्रश्नाचा कसा विचार केला हे त्यांच्या चित्रांवरून सांगता येत नाही. परंतु प्रश्न त्या चित्रांत आहे.

नव्या शतकाच्या प्रारंभी दीनदयाळ यांचा व्यवसाय वैभवाच्या शिखरावर होता. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात आले असताना वाघाच्या शिकारीनंतर व्हाइसरॉय व लेडी कर्झन यांचे काढलेले चित्र त्या काळच्या राजवटीची खूणच बनून गेले आहे. १९०३ च्या जानेवारीत भरलेल्या दिल्ली दरबारातही त्यांची कंपनी हजर होती. हत्तींच्या रांगा, सोन्याच्या अंबाऱ्या, तंबूंची नगरी आणि देशभरातून आलेले राजे हे सारे त्यांच्या काचांवर उमटले. मात्र पुढच्याच वर्षी धरमचंद यांचे निधन झाले. वडिलांबरोबर वाढलेला आणि त्यांच्याच धंद्यात तयार झालेला मुलगा गमावल्यानंतर दीनदयाळ फार दिवस जगले नाहीत. ५ जुलै १९०५ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्यामागे ग्यानचंद यांनी व्यवसाय सांभाळला. पण काळ बदलत होता. १८८८ मध्ये बाजारात आलेल्या कोडॅकच्या लहान कॅमेऱ्याने आता घरोघर प्रवेश केला होता. प्रवाशाला ताजमहालाचे चित्र विकत घेण्याऐवजी आपले आपण काढणे शक्य झाले. दरबारांचा थाट आणि मिरवणुका पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. दीनदयाळ यांनी वास्तू, माणसे आणि समारंभ हे तिन्ही एकाच छत्राखाली आणले होते. पुढील पिढ्यांत या कामांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वास्तूंचे चित्रण पुरातत्त्व खात्याकडे गेले, समारंभांचे वृत्तपत्रांकडे आणि माणसांचे गल्लोगल्लीच्या स्टुडिओंकडे.

काचा मात्र कुटुंबाने जपून ठेवल्या. दख्खनची उष्णता, पावसाळ्याचा दमटपणा, बिऱ्हाड बदलताना बसणारे धक्के या सर्वांतून त्यांपैकी पुष्कळ वाचल्या. १९८९ मध्ये नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने कुटुंबाकडून त्या विकत घेतल्या. त्यांची संख्या २,८५७ आहे. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि २०१० मध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन दिल्लीत भरले. जुन्या प्रती आता पिवळसर पडल्या आहेत, कडा विटल्या आहेत. तरी अनेक चित्रांच्या तळाशी दीनदयाळ यांच्या स्टुडिओत घातलेला क्रमांक अजून स्पष्ट वाचता येतो.